तू मला कधीच का सांगितलं नाहीस?

मधली ओळ (धागाकर्ती)

मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते आहे. लांबेल, सांभाळून घ्या.

वीस वर्षांची मैत्रीण आहे माझी. ती देव मानत नाही. मी ख्रिस्ती, आणि नावापुरती नाही; रविवारची उपासना चुकवत नाही, रोज प्रार्थना करते. यावरून आमचं कधी वाजलं नाही, कारण विषय कधी निघालाच नाही. मला वाटायचं, हाच आमचा समजूतदारपणा.

मागच्या वर्षी तिचे वडील गेले. शेवटचे एकोणीस दिवस मी दवाखान्यात तिच्यासोबत होते. रात्री बाहेरच्या बाकावर मी मनातल्या मनात प्रार्थना करायचे आणि तोंडाने तिला म्हणायचे, "डॉक्टर बघतायत ना, होईल सगळं नीट." होणार नव्हतं. दोघींनाही ते ठाऊक होतं.

परवा ती घरी आली होती. निघताना, चपला घालता घालता म्हणाली, "मेल्यावर माणूस संपत नाही असं तुला खरंच वाटतं ना? मग बाबा गेले तेव्हा तू मला कधीच का सांगितलं नाहीस? तुलाच ते खरं वाटत नाही म्हणून, की मला सांगून उपयोग नाही असं वाटलं म्हणून?"

मी गप्प. ती गेली.

गप्प राहण्याचं कारण मला माहीत आहे. माझे एक काका होते. मयताच्या घरी जाऊन, माणसं अजून रडत असताना, "तुमचं तारण झालंय का?" असं विचारायचे. लहानपणी त्यांच्या शेजारी उभं राहायची मला इतकी लाज वाटे की मी तेव्हाच ठरवलं, आपण असं कधी करायचं नाही. ते पाळलं. पण आता वाटतं, काकांसारखं व्हायचं नाही म्हणता म्हणता मी मुकीच होऊन बसले.

तर विचारायचं असं की, विश्वास न ठेवणाऱ्या माणसाला आपल्याला वाटणारी आशा सांगायची कशी? त्याच्या मागे न लागता, आणि "हिच्यात काही फरक पडणार नाही" असं आधीच गृहीत न धरता? न मानणाऱ्यांनीही लिहावं, तुमचंच जास्त ऐकायचं आहे.

तिरपा डोळा

सोप्पंय. सांगू नका. जगात सांगणारे आधीच फार झालेत, ऐकणारे कमी पडतायत.

ठाम नास्तिक

आयडीवरून कळलंच असेल मी कोण ते. तरी तिरपा डोळा यांच्याशी असहमत.

मला आजवर तिघा-चौघांनी ख्रिस्ती धर्म सांगायचा प्रयत्न केला. एकाचं सांगतो. कामाच्या ठिकाणचा माणूस, रोज येता-जाता सोबत. सहा महिने छान गप्पा. मग एका शनिवारी "चार मित्र जमतोय, ये" म्हणाला. गेलो तर वीस-पंचवीस लोक, गाणी, आणि शेवटी सगळ्यांचे डोळे माझ्यावर: आज निर्णय घेणार का? मी नम्रपणे नाही म्हटलं. सोमवारपासून त्याची यायची वेळ बदलली. सहा महिन्यांच्या गप्पांपैकी खऱ्या कोणत्या होत्या, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. चीड येते ती त्याची. त्याच्या श्रद्धेचा मला काडीचा राग नाही.

दुसरी एक बाई होत्या, वयाने बऱ्याच मोठ्या. मी थेट विचारलं होतं, "तुम्हाला हे सगळं खरं वाटतं?" त्या म्हणाल्या, "हो. काही दिवस कमी वाटतं, काही दिवस जास्त. पण ज्या दिवशी कमी वाटतं त्या दिवशीही दुसरीकडे कुठे जावंसं वाटत नाही." मग मला विचारलं, "तुला कशाच्या जोरावर उभं राहता येतं?" आणि उत्तराची वाट बघितली. खरोखर बघितली! मी दहा मिनिटं बोललो असेन, मध्ये एकदाही तोडलं नाही. मी आजही नास्तिकच आहे. पण त्या बाईंनी बोलावलं तर कुठेही जाईन.

तुमच्या मैत्रिणीला धर्मोपदेश हवा होता असं मला वाटत नाही. तुमच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी खोली तुम्ही वीस वर्षं तिच्यासाठी बंद ठेवलीत, याचं तिला वाईट वाटलंय.

जुनी वही

वरच्या प्रतिसादातला तो शनिवारचा माणूस मी असू शकते. म्हणजे तो मी नव्हे, पण अगदी तशीच होते.

विशीत आमचा एक गट होता. प्रत्येकाकडे वही. महिन्याला दहा नावं लिहायची, कुणाशी बोललो, कुठवर आलं, पुढची पायरी काय. बैठकीत वही वाचून दाखवायची. कुणाचा आकडा मोठा असला की टाळ्या. हेतू वाईट नव्हता हे आजही शपथेवर सांगेन. पण आज त्या नावांतले चेहरे आठवायला बसले तर चारसुद्धा आठवत नाहीत. आकडे मात्र पाठ आहेत. (आयडी त्या वहीवरूनच घेतलाय. शिक्षा म्हणून.)

पुढे एकदा नव्या करारातलं पेत्राचं (येशूचा शिष्य) पहिलं पत्र वाचताना तिसऱ्या अध्यायात अडकले. १५ वं वचन आमच्या गटाचं घोषवाक्यच होतं, "उत्तर देण्यास नेहमी सिद्ध असा." पण आम्ही अर्धंच म्हणायचो. पेत्र म्हणतो, तुमच्यात जी आशा आहे तिच्याविषयी कुणी विचारलं तर उत्तर द्या, आणि ते सौम्यतेने, आदराने द्या. उत्तर द्यायला आधी प्रश्न लागतो. आम्हाला कुणी काही विचारलेलंच नव्हतं! आणि विचारणार काय, आशेविषयी. आमच्याकडे बघून कुणाला आशा दिसण्याची शक्यता नव्हती, आम्ही कायम घाईत असायचो.

ताई, तुम्हाला तर प्रश्न आलाय. चपला घालता घालता आलेला, म्हणजे तर नक्कीच खरा.

मधली ओळ

ठाम नास्तिक, "बंद खोली" हे वाचून बराच वेळ नुसती बसून होते. धन्यवाद म्हणू की काय म्हणू कळत नाही.

कोरा कागद

असिसीच्या संत फ्रान्सिसचं वाक्य आहे ना, नेहमी सुवार्ता (येशूची शुभवार्ता) सांगा, गरज पडली तर शब्द वापरा. एकोणीस दिवस बाकावर बसलात, तीच सुवार्ता. वाईट वाटून घेऊ नका.

निवृत्त पाळक

कोरा कागद, आपली भावना पोचली, पण एक दुरुस्ती. हे वाक्य फ्रान्सिसच्या कोणत्याही लिखाणात सापडत नाही. मीही व्यासपीठावरून अनेकदा म्हटलेलं आहे, तेव्हा दोष माझाही. फ्रान्सिस स्वतः गावोगाव फिरून भरपूर बोलायचा.

त्याचं खरंखुरं लिखाण या धाग्याला जास्त उपयोगी आहे. १२१९ साली, धर्मयुद्धाची धुमश्चक्री चालू असताना, तो इजिप्तमध्ये दमिएत्ताजवळ सुलतान अल-कामिलच्या छावणीत निःशस्त्र गेला. सुलतानाने त्याचं ऐकून घेतलं, धर्म बदलला नाही, आणि त्याला सुखरूप परत पाठवलं. नंतर १२२१ च्या नियमावलीत फ्रान्सिसने आपल्या बंधूंसाठी लिहिलं की मुसलमानांमध्ये जाणाऱ्यांना दोन रीतींनी राहता येईल. एक, वादविवाद न करता, सगळ्यांच्या अधीन राहून जगायचं आणि आपण ख्रिस्ती आहोत हे लपवायचं नाही. दुसरी, देवाची तशी इच्छा दिसेल तेव्हा वचन सांगायचं. दोन्ही रीती त्याने एकाच परिच्छेदात ठेवल्या.

ताईंनी पहिल्या रीतीतलं अर्धं केलं, सेवा केली. लपवायचं नाही, तेवढं राहून गेलं.

तिरपा डोळा

फ्रान्सिस एक. बाकीच्यांचं काय? फ्रँकांचा राजा शार्लमेनने ७८२ साली फेर्डनला साडेचार हजार सॅक्सनांची मुंडकी उडवली आणि उरलेल्यांना बाप्तिस्मा नाहीतर मरण असा कायदा केला. त्याला पण सुवार्ताच म्हणत असतील. त्यानंतरही तलवार नाहीतर धान्याची गोणी, दोन्हीपैकी काहीतरी हातात असतंच तुमच्या लोकांच्या. आशा वगैरे शब्द गोड आहेत हो, पण ऐकणाऱ्याला इतिहास आठवतो.

जुनी वही

आठवायलाच हवा. त्याच शार्लमेनच्या दरबारातल्या अल्क्विन नावाच्या विद्वानाने तेव्हाच लिहिलं होतं की माणसाला श्रद्धेकडे ओढून आणता येतं, ढकलून नाही. बाप्तिस्मा जबरदस्तीने देता येईल, विश्वास कसा देणार? म्हणजे चूक आहे हे त्या काळातही कळत होतं, हे जास्त लाजिरवाणं.

धान्याच्या गोणीबद्दल: २०११ साली व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादाची परिषद, चर्चेसची जागतिक परिषद आणि इव्हँजेलिकलांची जागतिक संघटना या तिघांनी मिळून एक छोटा मसुदा काढला. हे तिघे एका कागदावर येणं हीच बातमी. त्यात स्पष्ट म्हटलंय की गरिबी आणि गरज यांचा फायदा घेणं, पैशांचं वा बक्षिसांचं आमिष दाखवणं हे सुवार्तेत बसत नाही. कागदावर आहे म्हणून सगळीकडे पाळलं जातं असं मी म्हणणार नाही.

तिरपा डोळा

शेवटचं वाक्य लिहिलंत म्हणून गप्प बसतो. तूर्तास.

अवेळी

मला वेगळंच बोलायचंय. मी ख्रिस्ती घरात वाढले आणि आता मानत नाही. सोडलं ते नरकामुळे. सात वर्षांची असताना रात्री घरात कुणी दिसलं नाही की मला वाटायचं, प्रभू येऊन सगळ्यांना घेऊन गेला आणि मी एकटी राहिले. पलंगाखाली जाऊन रडायचे. इथे सगळे आशा आशा म्हणताय, पण त्या आशेच्या खाली तळघर आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. मैत्रिणीने विचारलं "माझे बाबा आता कुठे आहेत?" तर ताई काय सांगणार?

निवृत्त पाळक

मुली, पलंगाखालच्या त्या लेकराला कुणीतरी माझ्यासारख्यानेच घाबरवलं असणार. त्याबद्दल आधी क्षमा मागतो.

आता प्रश्न. यावर आम्हा सगळ्यांचं एकमत आहे असं भासवणं खोटं ठरेल. चौथ्या शतकातला निस्साचा ग्रेगरी तर अखेर सगळी सृष्टी देवाकडे परतेल अशी आशा उघड बाळगून होता, आणि तो पूर्वेकडच्या मोठ्या धर्माचार्यांत गणला जातो. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६४ साली म्हटलं की ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्त कळला नाही पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या इतकं म्हणायला तयार नसतात. माझी मंडळीही नव्हती. शास्त्रात न्यायाची वचनं आहेत, ती मी फाडून टाकू शकत नाही. तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे, हेही आहे.

चाळीस वर्षांत शेकडो मयतांना उभा राहिलो. "ते कुठे आहेत?" याला माझं उत्तर शेवटी शेवटी इतकंच उरलं: "ते ज्याच्या हातात आहेत त्याला मी ओळखतो. त्यांच्याबद्दलचा निकाल माझ्या हातात नाही, आणि याचा मला आनंद आहे." काहींना ते अपुरं वाटायचं. अपुरं आहेच.

भीतीने माणूस धावतो, पण कुणाकडे धावायचं हे भीती शिकवत नाही. हे मला उशिरा कळलं.

अवेळी

उत्तर पटलं नाही. पण क्षमा कुणी मागेल असं वाटलं नव्हतं. बास, एवढंच.

आईच

मी इथे फार लिहीत नाही. माझा मुलगा अठराव्या वर्षी घर आणि मंडळी दोन्ही सोडून गेला. घरी येतो, प्रेमाने बोलतो, पण जेवणाआधी मी प्रार्थना करायला डोळे मिटले की तो फोन बघतो. अकरा वर्षं झाली. मी त्याला काही बोलावं का?

निवृत्त पाळक

ताई, पुढे मोठा ख्रिस्ती धर्माचार्य झालेल्या ऑगस्टीनची आई मोनिका एका बिशपाकडे हेच घेऊन गेली होती: माझ्या मुलाला समजावा. बिशप नाही म्हणाला. आत्ता तो ऐकणार नाही, त्याला राहू दे, वाचता वाचता त्यालाच कळेल, तू प्रार्थना कर. ती रडत मागेच लागली, तेव्हा काहीसा वैतागून तो म्हणाला की इतक्या अश्रूंचा मुलगा वाया जाणं शक्य नाही. ऑगस्टीनने पुढे ३८७ साली मिलानमध्ये बाप्तिस्मा घेतला. मोनिका त्याच वर्षी वारली.

हे सांगतो आणि दर वेळी जीभ अडखळते. ज्यांची मुलं परतली नाहीत अशा आयाही तितक्याच रडल्या असतील. त्यांच्याबद्दल कुणी लिहून ठेवलं नाही. म्हणून मोनिकाची गोष्ट हमीपत्र म्हणून देत नाही. बिशपाचा सल्ला तेवढा घ्या: मुलाला शिकवण्याची घाई नको. आणि तो फोन बघतो तेव्हा उठून तर जात नाही ना?

आईच

नाही. बसलेला असतो.

कोरा कागद

फ्रान्सिसचं वाक्य चुकलं, आता खात्री असलेलं सांगतो. युर्गेन मोल्टमान हे जर्मन ईशज्ञानी, २०२४ मध्ये वारले. "आशा" हा शब्द विसाव्या शतकातल्या ख्रिस्ती विचारात मध्यावर आणणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घेतात. त्यांचं घर धार्मिक नव्हतं. १९४३ च्या जुलैमध्ये हॅम्बुर्गवर बॉम्बवर्षाव झाला तेव्हा ते सतरा वर्षांचे होते, विमानविरोधी तोफेवर. शेजारी उभा असलेला मित्र बॉम्बने ठार झाला, हे वाचले. त्या रात्री पहिल्यांदा त्यांनी देवाला हाक मारली, आणि ती प्रश्नाच्या रूपात: तू कुठे आहेस?

पुढे युद्धकैदी झाले. छावणीत एका लष्करी धर्मगुरूने बायबल दिलं. ते मार्कच्या शुभवर्तमानात येशूच्या वधस्तंभावरच्या हाकेपाशी थांबले, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" त्यांना वाटलं, हा मला समजून घेणारा कुणीतरी आहे. स्कॉटलंडमध्ये कैदी म्हणून काम करताना तिथल्या साध्या कुटुंबांनी त्यांना माणसासारखं वागवलं. शत्रूच्या देशातल्या माणसांनी.

यात मला विशेष काय वाटतं, तर त्यांना कुणी "सगळं नीट होईल" असं सांगून विश्वासात आणलं नाही. आशा आली ती किंकाळीतून. ताई, तुम्ही बाकावर जे बोललात ते खोटं आश्वासन होतं आणि तुमच्या मनात जी चालू होती ती प्रार्थना खरी होती. उलटं झालं असतं तर?

ठाम नास्तिक

चर्चा फार सौम्य चालली आहे, म्हणून थोडं मीठ टाकतो.

समजा ताई मैत्रिणीला म्हणाल्या, "मला प्रार्थनेने बळ मिळतं." मैत्रीण म्हणेल, छान. मला धावण्याने मिळतं. प्रत्येक धर्मातला माणूस हेच सांगतो, प्रत्येकाचा अनुभव त्याच्यापुरता खरा. मग नेमकं तुमचंच का ऐकायचं? "मला बरं वाटतं" हा पुरावा होत नाही.

निवृत्त पाळक

मान्य. प्रेषित पौलालाही मान्य असतं. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर साधारण पंचवीस वर्षांनी, तो लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि सर्व माणसांत आम्ही सर्वांत कीव करण्याजोगे. बरं वाटतं म्हणून विश्वास ठेवा असं तो म्हणत नाही. हे घडलं नसेल तर आम्ही मूर्ख, असं स्वतःच लिहून देतो.

ठाम नास्तिक

रोमन सुभेदार पिलाताच्या काळात येशूला ठार मारलं हे रोमन इतिहासकार टॅसिटसही सांगतो, त्यावर माझा वाद नाही. त्यापुढचं पाऊल मला टाकता येत नाही. पण "घडलं नसेल तर आम्ही मूर्ख" ही भाषा मला "तुझ्या हृदयात रिकामी जागा आहे" या भाषेपेक्षा शंभर पटींनी बरी वाटते. माझ्या हृदयात जागा रिकामी नाही हो. भरगच्च आहे. हे गृहीत धरूनच लोक बोलायला सुरुवात करतात.

निवृत्त पाळक

हा मुद्दा फार मोलाचा. प्रेषितांची कृत्ये, १७ वा अध्याय बघा. अथेनैतल्या, म्हणजे अथेन्समधल्या, मूर्ती पाहून पौल आतून तळमळतो. पण अरीयपगावर, तिथल्या सभेपुढे, उभा राहिल्यावर पहिलं काय म्हणतो, तुम्ही लोक धर्माच्या बाबतीत फार दक्ष आहात. त्यांच्याच कवीची ओळ घेतो, आपण देवाचा वंश आहोत. त्यांच्याकडे काहीच नाही असं धरून तो सुरुवात करत नाही. आणि जिथे टाळलं असतं तर सभा जिंकली असती तिथे, पुनरुत्थानापाशी, टाळतही नाही. काही हसले. काही म्हणाले, पुन्हा ऐकू. थोड्यांनी विश्वास ठेवला, त्यांतली दोन नावं हा ग्रंथ लिहिणारा लूक देतो: दिओनुस्य आणि दामारी. एवढ्या भाषणाला दोन नावं! जुनी वही यांच्या बैठकीत टाळ्या मिळाल्या नसत्या.

निकाल आपला नाही, हे नव्या करारात जागोजागी आहे. पौल लिहितो, मी लावलं, अपुल्लोसाने (त्याच्या सहकाऱ्याने) पाणी घातलं, वाढवलं देवाने. मार्कच्या चौथ्या अध्यायातला शेतकरी तर बी टाकून चक्क झोपतो. ते कसं उगवतं हे त्याला कळत नाही. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून जातो तेव्हा येशू त्याच्या मागे धावत नाही, अटही सैल करत नाही. मात्र त्याच्याकडे पाहून येशूला त्याच्यावर प्रीती उपजली, हे मार्क आवर्जून नोंदवतो. नाही म्हणणाऱ्यावरची प्रीती.

मिशनरी विल्यम केरी १७९३ साली बंगालमध्ये उतरला. पहिला बाप्तिस्मा १८०० च्या डिसेंबरात. तसंच पहिल्या बाप्तिस्म्यासाठी मिशनरी मॉरिसनला चीनमध्ये १८०७ ते १८१४ थांबावं लागलं. जडसनला ब्रह्मदेशात १८१३ ते १८१९. मधल्या वर्षांत केरी बंगाली शिकत आणि बायबलचं भाषांतर करत बसला. पुढे आलेलं १८०५ चं मराठी व्याकरणही त्याचंच. फळ दिसत नसताना माणूस समोरच्याची भाषा शिकत राहतो, याला मी आशा म्हणतो.

अवेळी

केरीची सात वर्षं सगळे कौतुकाने सांगतात. त्याच काळात त्याचा लहान मुलगा पीटर गेला आणि बायको डोरोथी त्या धक्क्यातून कधी सावरली नाही. मनाने कायमची ढासळली, १८०७ मध्ये गेली. परक्यांची भाषा शिकता शिकता घरातली भाषा कुणी ऐकली का, हेही विचारा.

निवृत्त पाळक

बरोबर आहे. यापुढे केरीचं नाव घेताना डोरोथीचंही घेईन.

मधली ओळ

काल तिच्याकडे गेले.

तयारी करून गेले होते, वाक्यं पाठ होती. एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "त्या बाकावर मी रोज रात्री प्रार्थना करत होते. तुझ्या बाबांसाठी, आणि तुझ्यासाठी. तुला सांगितलं नाही कारण तू हसशील अशी भीती होती. त्याहून मोठी भीती, तू हसली नाहीस आणि खरंच काही विचारलंस तर मला उत्तर येणार नाही." मग सांगितलं की हो, मृत्यू हा शेवट नाही असं मला वाटतं, आणि ते माझ्या इच्छेमुळे नव्हे तर येशू कबरेतून उठला यावर माझा विश्वास आहे म्हणून. बोलताना आवाज कापत होता. अवेळी, तिने बाबा कुठे आहेत हे विचारलं. मी पाळकसाहेबांचं वाक्य सांगितलं, आणि तुमचंही सांगितलं, की हे उत्तर एकीला पटलेलं नाही.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला नाही पटत. बाबा संपले असंच मला वाटतं." मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, "एवढंच? आता मला पटवणार नाहीस?" मी म्हटलं, "येत नाही मला." तर हसायला लागली. मग दोघीही रडलो. तिच्या बाबांबद्दल दोन तास बोललो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

निघताना तिनेच विचारलं, वाचायचं असेल तर कुठून सुरुवात करू. मी मार्क दिलं. सगळ्यात छोटं, आणि कोरा कागद यांचा तो कैदी डोक्यात होता.

ठाम नास्तिक

"येत नाही मला" वर माझ्याकडून टाळी.

तिरपा डोळा

वाचतोय. बाकी काही म्हणायचं नाही.

आईच

त्याला काल विचारलं, मी प्रार्थना करते तेव्हा तुला अवघडल्यासारखं होतं का. म्हणाला, "नाही गं. तू माझं नाव घेतेस का तेवढं ऐकत असतो."

जुनी वही

आईच, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

मधली ओळ

शेवटचं अपडेट, मग धागा वर काढत नाही.

दोन रात्रींत तिने मार्क संपवलं. आज सकाळी फोन. आधी अंजिराच्या झाडावरून माझी हजेरी घेतली: हंगाम नसताना फळ नाही म्हणून शाप का, झाडाची काय चूक? मला सांगता आलं नाही. (पाळकसाहेब, व्यनि केलाय.) मग म्हणाली, "आणि हे पुस्तक अर्धवट आहे का? खाली टीप आहे की जुन्या हस्तलिखितांत सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर संपतं."

मी म्हटलं, हो, चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या हस्तलिखितांत तिथेच संपतं. बायका रिकामी कबर बघतात, पळत सुटतात, आणि भीतीमुळे कुणाला काहीच सांगत नाहीत.

"कुणालाच नाही?"

"तिथे तरी तसंच लिहिलंय."

थोडा वेळ थांबून म्हणाली, "मग तुला कुणी सांगितलं?"

रविवारी दुपारी येते आहे. मला माझ्या आजीपासून सुरुवात करावी लागेल असं दिसतंय.